मोजणाऱ्याला ओ

आमच्या घरात हाक आली की ओ द्यावीच लागते. अंघोळ चालू असो, फोन चालू असो, तोंडात घास असो, पहिल्या हाकेला ओ आली पाहिजे. दुसरी हाक मारायची वेळ आली तर बाबा हातातलं काम टाकून उठतात आणि तुम्ही जिथे असाल तिथे येऊन उभे राहतात. रागावत नाहीत, नुसते बघतात आणि परत जातात. रागावले असते तर परवडलं असतं. नऊ वर्षांची असताना मी एकदा कपाटात बसून पुस्तक वाचत होते आणि मुद्दामच ओ दिली नाही. पाच मिनिटांत या माणसाने तिन्ही मजल्यांची दारं वाजवली. मी बाहेर आले तेव्हा आख्खी इमारत जिन्यात जमली होती आणि बाबा पायरीवर बसून थरथरत होते. आईने माझ्या पाठीत धपाटा घातला तो वेगळाच.

आता मी अडतीस वर्षांची आहे तरी हा जाच चालूच आहे. मधे एक मित्र घरी यायचा. बाबांनी त्याला हाक मारली, तो "हं" म्हणाला. "हं" आणि "ओ" यांत काय फरक आहे, हे बाबांनी त्याला चांगलं पाऊण तास समजावून सांगितलं. तो काही परत आला नाही. त्याचं मला फारसं दुःख नाही, पण ते असो.

मी राक्षस लिहिते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग "बाकी काय करता?" असं विचारतात. बाकी काही करत नाही. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसून खेळायचे फाशांचे खेळ असतात ना, त्यात प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, आणि एकाने सूत्रधार होऊन समोर काय दिसतंय, कोण चाल करून येतंय ते सांगायचं, त्या खेळांची जाडजूड पुस्तकं निघतात. त्या पुस्तकांतले राक्षस कोणीतरी लिहावे लागतात. ते मी लिहिते. आमचं ऑफिस सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दीड खोलीत आहे, तिथे संपादकबाई बसतात. मी घरीच बसते, जेवणाच्या टेबलावर.

प्रत्येक राक्षसाला एक पान मिळतं. रूप, ताकद, चाल, हल्ला, आणि सगळ्यात खाली एक रकाना, "नाश कसा". तो रकाना कोरा असला तर पान छापायला जात नाही. संपादकबाई म्हणतात, मारता येत नाही तो राक्षस नव्हे, तो सरकारी नियम.

या खेपेला पुस्तक होतं दलदलीचं. दहा राक्षस झाले होते, अकरावा अडला होता. बाईंना मेलेला हवा होता, पण चालता. माझे दोन त्यांनी नापास केले. एक फार वास मारतो म्हणाल्या, दुसऱ्याची कीव येते म्हणाल्या. मग एका सकाळी दात घासताना मला तो सुचला, अगदी आयता, वरपासून खालपर्यंत. तोंडात फेस तसाच ठेवून मी लिहून काढला.

नाव मोजणारा. गुडघ्यापर्यंत गाळ, अंगावर शेवाळ, हातात लांब काठी. चेहरा आहे, पण पाण्याने पुसट झालेला. तो दलदलीत पावलं मोजत फिरतो. दर वीस पावलांना थांबतो, काठी दोनदा आपटतो, आकडा मोठ्याने म्हणतो आणि कान देऊन उभा राहतो. ज्याच्या तोंडून ओ निघाली त्याला तो गाळात ओढून नेतो. गप्प बसला तो वाचला. नाश कसा: तीन डाव कोणीही चकार शब्द काढायचा नाही, मग मोजणारा आकडा विसरतो आणि विरघळून जातो.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. एवढ्या वर्षांचं उट्टं मी एका पानात काढलं होतं. संपादकबाई एकदम खूश झाल्या आणि मीही दोन दिवस हवेत होते.

आकडे तपासायचं काम बाबांचं. ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, चुकीची बेरीज त्यांना खोलीच्या पलीकडून दिसते. राक्षसाची ताकद आणि हल्ला यांचा मेळ बसतो का, चाल किती पावलांची, हे सगळं ते लाल पेन्सिलीने बघतात. गेले दोन महिने मात्र त्यांचा घसा बसला होता. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. पुढे मशीन लावून थोडंफार बोलायला शिकवतात, पण तो आवाज यांचा नसेल. तारीख मिळाली बुधवारची. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग ओ कशी द्यायची?" डॉक्टरांना वाटलं विनोद केला. ते म्हणाले, घंटा वापरा.

दर रविवारी दुपारी आमच्याकडे नव्या राक्षसांची चाचणी होते, आणि आमची सगळ्यात पक्की खेळाडू म्हणजे काकू. सख्ख्या नव्हेत. बाबांचे कामावरचे जोडीदार होते लंबूकाका, त्यांच्या त्या बायको. मी सात वर्षांची असताना लंबूकाका दलदलीत मोजणी करताना बुडाले. आठ दिवस शोधलं, सापडले नाहीत. पाय घसरला, एवढंच मला कळलं होतं. तेव्हापासून काकूंचं छप्पर, नळ, अर्ज, मोतीबिंदू, सगळं बाबांनी बघितलं. आणि आई गेली तेव्हा काकूंनी मला बघितलं. वर्षभर त्या आमच्याकडे येऊन झोपत होत्या, कारण मला एकटीला झोप यायची नाही आणि बाबांना सांगायची लाज वाटायची.

काकू चाळीस वर्षं शिवणकाम करत होत्या. खेळातल्या त्यांच्या पात्राचं नाव कात्री. सत्तरी ओलांडलीय, पण फासे हातात आले की त्यांच्या अंगात वारं शिरतं. आजवर त्यांच्या हातून एकही राक्षस जिवंत सुटलेला नाही. एका पाणचेटकिणीने शरण येऊन पाय धरले होते, तिलाही सोडलं नाही. आणि खेळता खेळता लंबूकाकांचा विषय निघालाच तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं होतं. "आमचा धांदरट. बघून पाय टाकला असता तर आज इथे बसला असता."

शुक्रवारी दुपारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाबा टेबलावर प्रूफं घेऊन बसले होते. लाल पेन्सिलीची खरखर चालू होती. मग ती थांबली. बराच वेळ काहीच आवाज येईना म्हणून मी हाक मारली, "बाबा?"

"ओ" आली, पण उशिरा. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच उशिरा. मी हात पुसत बाहेर आले.

त्यांच्यासमोर मोजणाऱ्याचं पान होतं.

"हे कोणी सांगितलं तुला?" त्यांचा आवाज आधीच अर्धा गेलेला, कान देऊन ऐकावं लागत होतं.

"काय?"

"हे. मोजणं. काठी."

"कोणी कशाला सांगेल? सुचलं मला."

"लंबू जिना मोजत यायचा," बाबा म्हणाले. "अठरा पायऱ्या. वर आला की उंबऱ्यावर काठी दोनदा आपटायचा, चिखल झाडायला. तू खेळ टाकून दाराकडे धावायचीस."

मी खुर्चीवर बसले. मला ते आठवत नव्हतं आणि मग एकदम आठवलं. ओल्या रबरी बुटांचा वास, खूप उंचावरून खाली येणारे दोन हात, आणि "सतरा... अठरा!" अशी आरोळी. मला वाटत होतं मी लेखिका आहे.

"अरे देवा," मी म्हटलं. "आणि हा मी रविवारी काकूंना मारायला देणार होते."

"ते नंतर. आधी हे बघ." त्यांनी पेन्सिलीचं टोक एका ओळीवर ठेवलं. "हे उलटं लिहिलंयस. गप्प बसला तो वाचला, असं नसतं."

मग त्यांनी सांगितलं. मला वाटतं ते मला नाही, त्या पानाला सांगत होते. दलदलीतून रस्ता न्यायचा होता, त्यासाठी गाळाची खोली मोजायची. पुढे लंबूकाका काठी घेऊन, मागे बाबा वही घेऊन. दर वीस पावलांना काका काठी गाळात खुपसायचे आणि आकडा ओरडून सांगायचे. मागून बाबा ओ द्यायचे. ओ म्हणजे ऐकलं, लिहिलं, आणि मी अजून गाळाच्या वर आहे. ओ आल्याशिवाय पुढच्या माणसाने पाऊल टाकायचं नाही, हा त्या कामातला पहिला नियम होता. नऊ वर्षं दोघांनी तो पाळला.

"त्या दिवशी सकाळी त्याने नव्या साहेबासमोर माझी चाल करून दाखवली," बाबा म्हणाले. "बदकासारखी. सगळे हसले. मी फुगून बसलो. आकडे लिहिले सगळे, एक चुकला नाही. पण ओ दिली नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

पुढचं त्यांना बोलवेना आणि मलाही विचारवेना. चहाचा कप मी त्यांच्या हातात दिला, तो त्यांनी तसाच धरून ठेवला. मला माझ्या बापाची इतकी माया आली की मी उठून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले, समोरून बघितलं असतं तर दोघेही रडलो असतो.

"पान काढून टाकते," मी म्हटलं. "बाईंना दुसरा राक्षस देते. एक जळू आहे माझ्याकडे."

"काढू नकोस. दुरुस्त कर." त्यांनी माझी ओळ खोडली आणि समासात लाल अक्षरांत लिहिलं: ओ मिळाली की थांबतो. मग "नाश कसा"मधला मजकूर खोडला आणि तिथे काहीच लिहिलं नाही.

"इथे काय घालू?"

"मला काय माहीत? ते वहिनींना विचारायला पाहिजे." पेन्सिल खाली ठेवून ते म्हणाले, "रविवारी मी खेळणार आहे."

बाबा कधीही खेळले नव्हते. मी त्यांच्यासमोर येऊन बसले आणि जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "एकतीस वर्षांनी सांगणार? त्यांना आता कशाला त्रास? आणि त्या उठून गेल्या, पुन्हा आल्याच नाहीत, तर?" खरं सांगायचं तर मला काकूंच्या त्रासाची काळजी नव्हती. मला काकू गमवायच्या नव्हत्या.

"वहिनी त्याला धांदरट म्हणतात," बाबा म्हणाले. "दर रविवारी. आणि मी समोर बसून ऐकतो. बुधवारनंतर मला सांगता येणार नाही. लिहून देऊ? चिठ्ठी देऊ हातात?"

मी पान घेतलं आणि शेवटचा रकाना कोराच ठेवून बाईंना पाठवून दिलं.

रविवारी काकू आल्या त्या फासे खुळखुळवतच. बाबा टेबलाशी बसलेले बघून त्या दारातच थबकल्या.

"भाऊजी, तुम्ही? सूर्य कुठे उगवला आज?"

"खेळेन म्हणतो, वहिनी."

"खेळा की. पण मधे येऊ नका हं, मी वार करताना मागेपुढे बघत नाही." बसता बसता त्यांनी मला विचारलं, "यांचं पात्र कोण? मांत्रिक?"

"वहीवाला," मी म्हटलं. "शस्त्र नाही."

"मग जगायचे नाहीत," काकूंनी निर्वाळा दिला.

मी सूत्रधार होते. पान समोर ठेवून सुरुवात केली. उंच गवत, दोन्ही बाजूंनी पाणी, धुकं. मधे एकच अरुंद वाट, खुणेच्या काठ्या रोवलेली. पुढे कोणीतरी चालतंय. दिसत नाही. पाय गाळातून उपसल्याचा आवाज येतो. मग तो थांबतो. काठी दोनदा आपटतो. मी टेबलावर बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "दोनशे साठ."

काकूंनी फासे मुठीत घेतले होते. "कात्री तलवार उपसते. किती लांब आहे मेला?"

"वीस पावलं." मी पुन्हा टकटक केली. "दोनशे ऐंशी."

मूठ हवेतच राहिली. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या माझ्या बोटाकडे.

"कोण मोजतंय गं हे?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत शेजारून आवाज आला. घोगरा, फाटका, पण सगळा जोर लावून काढलेला.

"ओ," बाबा म्हणाले.

नियमाप्रमाणे मला सांगायचं होतं की तो थांबला. मी सांगितलं, "तो थांबला." माझा आवाज बाबांच्यापेक्षा बरा निघाला नाही.

"वहिनी, त्या दिवशी मी ही ओ दिली नव्हती," बाबा म्हणाले, आणि मग काकूंकडे बघत त्यांनी सगळं सांगितलं. बदकाची चाल, साहेब, रुसवा. आणि जे मला सांगितलं नव्हतं तेही. पहिल्या काही वेळा काकांनी मागे वळून बघितलं, बाबांनी वही उंचावून दाखवली, काका हसले आणि पुढे गेले. मग गवत दाट झालं. एकमेकांना दिसेनासे झाले. काकांनी आकडा ओरडला. ओ नाही. पुन्हा ओरडला. बाबा वहीत लिहीत उभे होते, मनात म्हणत होते, मार अजून दोन हाका. मग हाका थांबल्या आणि गवत मोडत कोणीतरी जोरात येतंय असा आवाज आला, पण वाटेच्या वळणाने नाही, आडवा, सरळ गाळातून.

"त्याला वाटलं मी बुडालो," बाबा म्हणाले. "त्याचा पाय घसरला नाही, वहिनी. तो धांदरट नव्हता. तो मला शोधायला आला."

काकूंनी मूठ उघडली आणि फासे टेबलावर ठेवले, हळूच, पडू न देता. मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही दोघं बसून राहिलो. मला वाटलं, झालं, आता त्या मागच्या मागे चप्पल घालून निघून जातील. नळ वाहतच होता.

"वहिनी," बाबांनी हाक मारली.

उत्तर नाही.

"वहिनी."

नाही. बाबा टेबलाला धरून उठले आणि आत गेले. मी त्यांच्या मागोमाग दारापर्यंत गेले. काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, हात ओट्यावर, नळाचं पाणी नुसतंच वाहत होतं.

"आलात?" त्या न वळता म्हणाल्या.

"ओ आली नाही म्हणून..."

"हो. माहीत आहे मला." त्यांनी नळ बंद केला. "तोही असाच यायचा."

बाबा तिथेच ओट्याशी टेकले.

"आमचं भांडण झालं ना भाऊजी, की मी ओ द्यायची नाही. तो कामाला निघायचा, जिना उतरता उतरता ओरडायचा, येतो गं. मी गप्प. खाली पोचला की पुन्हा हाक. मी गप्प. मग यायचाच तो परत वर. पायऱ्या मोजत. कितीही उशीर झालेला असो. मी ओट्याशी अशीच पाठ करून उभी असायचे आणि हसू दाबायचे." त्या वळल्या. चेहरा ओला होता, नळाच्या पाण्याने की कशाने ते मला कळलं नाही. "मुद्दाम करायचे मी. त्याने परत यावं म्हणून. ओ नाही मिळाली की मागे फिरायचं, ही सवय मी लावली त्याला. तुम्ही एकदाच गप्प बसलात. मी तर उठता बसता गप्प बसायचे."

"वहिनी, तसं काही मनात आणू..."

"आणणार! तुम्ही एकट्यानेच का म्हणून घेता सगळं? निम्मा दोष माझा आहे."

एकतीस वर्षं ज्या ओझ्याखाली माझा बाप वाकला होता, त्याचं दुसरं टोक कोणीतरी उचलताना मी पहिल्यांदाच बघत होते. मला दोघांनाही मिठी मारावीशी वाटत होती, पण काकूंचं संपलं नव्हतं.

"आणि एक ऐकून ठेवा," त्या बोट रोखून म्हणाल्या. "सांगायला एकतीस वर्षं लावलीत, ते मी माफ केलेलं नाही. त्या बिचाऱ्याला मी धांदरट धांदरट म्हणत बसले. पोरीसमोर म्हणत बसले."

"त्याच्यासारखा पाय टाकणारा आख्ख्या खात्यात नव्हता," बाबा म्हणाले.

"मग सांगा की."

"काय?"

"हेच. कसा पाय टाकायचा. चिखलात दिवसभर तुमच्याशी काय बोलायचा. डबा कुठे बसून खायचा, कोणाच्या नकला करायचा. घरी आला की झोपायचा तो मेल्यासारखा. माझ्याकडे त्याचे नुसते रविवार आहेत, भाऊजी. बाकीचे सहा दिवस तुमच्याकडे आहेत. आणि बुधवारी तुमचा घसा कापणार." काकूंनी खुर्ची पायाने पुढे ओढली. "बसा. आणि तू गं, शहाणे, दारात उभी राहून रडू नकोस, पाणी गरम कर यांच्या घशाला."

बाबा बसले आणि बोलायला लागले. रविवारची संध्याकाळ, आख्खा सोमवार, आख्खा मंगळवार. काकू सकाळीच येऊन बसायच्या. माझ्या बापाला इतकं बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. गरम पाण्याचे घोट घेत, मधे थांबत, कधी नुसत्या हवेने बोलत. डबा काका उभ्याने खायचे, कारण बसलं की आळस चढतो. त्यांना बगळ्यांची भीती वाटायची. एका बेडकाला त्यांनी साहेबांचं आडनाव दिलं होतं. काकू मधे मधे "खोटं!" म्हणायच्या आणि मग हावरटासारखं "पुढे?" म्हणायच्या. मोजणी खात्यातला माणूस असल्यामुळे बाबा सगळं तारखेनिशी सांगत होते आणि काकू तारखा उडवून लावत होत्या.

सोमवारी संपादकबाईंचा फोन आला, शेवटचा रकाना कोरा आहे म्हणून. मी चाचरत काहीतरी सांगायला लागले तर काकूंनी फोन माझ्या हातातून घेतला. "अहो बाई, तो आधीच मेलाय, त्याला अजून किती मारता? ओ द्यायची आणि हाताला धरून वाटेवर आणायचा. लिहा तसं." मग बाईंनी लिहून घेतलं. काकूंच्या तलवारीतून सुटलेला तो पहिला.

बुधवारी सकाळी बाबांना हिरवा झगा घालून चाकाच्या पलंगावर झोपवलं. मी एका बाजूला, काकू दुसऱ्या बाजूला, वॉर्डबॉय डोक्याशी. लांबलचक बोळातून पलंग निघाला आणि बाबांची गोष्ट अजून चालूच होती. मोठ्या साहेबांची तपासणी होती. साहेब पांढरे बूट घालून आले. काकांनी त्यांना अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं की गाळावर चालताना मोठ्याने गाणं म्हणायचं असतं, छातीत हवा राहते, माणूस रुतत नाही.

"आणि साहेब गायले?" काकूंनी विचारलं.

"दोन मैल," बाबा म्हणाले. शब्द नुसते वाऱ्यावर येत होते. "लंबू पुढे. काठी घेऊन. ताल धरत होता."

पलंग दारापाशी पोचला. हिरव्या टोपीतली नर्स दार धरून उभी होती. "चला आजोबा," ती म्हणाली.

"थांब गं जरा," काकू तिच्यावर खेकसल्या आणि बाबांच्या तोंडाशी वाकल्या. "कुठलं गाणं म्हणाला साहेब?"

बाबांना नाव आठवेना. त्यांनी डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि मग तिथे, त्या बोळात, सगळ्यांसमोर, माझे बाबा गायला लागले. कुठलंसं जुनं, गोडगोड प्रेमाचं गाणं. सूर कुठेच लागत नव्हता, वरचा भाग तर नुसता खरखर आला, पण त्यांनी पूर्ण कडवं म्हटलं, साहेबांसारखं छाती फुगवून, आणि एका हाताने पलंगाच्या दांडीवर लंबूकाकांचा ताल धरून. काकू तोंडावर हात दाबून हसत होत्या, हसता हसता त्यांना श्वास पुरेना. नर्सही हसली. कडवं संपलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि पलंग आत गेला.

दार लागल्यावर काकू बाकावर बसल्या. बराच वेळ त्या तेच कडवं हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, बाबांनी म्हटलं होतं तसंच, जिथे सूर चुकला होता तिथे तसाच चुकवून.